हातांची दहा मिनिटं

मेट्रो पुलावर आली तेव्हा हेइनी काहीच बघत नव्हती. बघण्याइतकी ती जागीच नव्हती. बाबागाडीच्या दांड्यावर कोपरं टेकून डोळे उघडे ठेवण्याचं काम ती तेवढं करत होती, आणि पुढ्यात नऊ महिन्यांची एल्वी स्वतःच्याच पायातला मोजा ओढून चोखत होती, हिरड्या शिवशिवल्या की मध्येच किंचाळत होती. डब्यातली माणसं खिडकीबाहेर तोंड करून बसली होती, वर्षातला पहिला उबदार दिवस तोंडावर घेत. सतरा अंश. लोकांनी कोट काढून मांडीवर घेतले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर एकदम माफी मिळाल्यासारखा भाव होता. हेइनीला त्या उन्हाचंही ओझंच झालं होतं. साडेअकराला दवाखान्यात बाळाचं वजन करायचं होतं, तिथे नर्स विचारणार होती की आईची झोप कशी आहे, आणि त्यावर द्यायचं उत्तर ती मनात जुळवत होती. पुलाखालचं पाणी चकाकत होतं. त्या चकाकीतून एक हिरवी रेघ सरकली. लांब, अरुंद, हिरवी कयाक. आणि तिच्यात बसलेल्या बाईचे दोन हात, खांद्यापासून बोटांपर्यंत उघडे, वल्हं डावीकडे, वल्हं उजवीकडे. डोक्याला पांढरा रुमाल. पाठीमागे, नावेच्या शेपटाकडे, रबरी दोरीखाली दाबलेलं नारिंगी लाइफ जॅकेट, असू दे बापडं म्हणून छत्री बरोबर घ्यावी तसं. मग पुलाचा खांब आडवा आला, मग आणखी एक, मग कठडा, मग कुलोसारीचं स्टेशन आणि दारं उघडल्याचा आवाज.

आई.

दारं बंद व्हायला लागली तेव्हा बाबागाडीची पुढची चाकं फलाटावर होती आणि मागची डब्यात. कुणीतरी दार धरलं, कुणीतरी हसलं. मेट्रो निघून गेली. फलाटावर उभं राहून हेइनीला पहिल्यांदा जे वाटलं ते भीती नव्हती, आणि ते तिनं पुढे कुणालाही सांगितलं नसतं. तिला वाटलं, आपण त्या क्षणी डोळे मिटले असते तर. एक पापणी लवली असती तर. आत्ता आपण पुढच्या स्टेशनाकडे जात असतो, काहीही न बघितलेल्या, काहीही देणं न लागणाऱ्या. तिनं फोन लावला. घंटी वाजत राहिली, आणि ती कुठे वाजतेय हेही तिला ठाऊक होतं: आईच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत, फुलदाणीच्या आड. आई, म्हणजे हिल्का, होडी घेऊन निघताना फोन घरी ठेवायची. पाण्यात पडला म्हणजे? एवढा महागाचा फोन.

स्टेशनपासून नौका-क्लबच्या आवारापर्यंत उतार होता. बर्चच्या झाडांना उंदराच्या कानाएवढी पानं आली होती. त्यांच्याखालून गाडी ढकलताना ती पुटपुटत होती, आणि काय पुटपुटतोय हे तिला उशिरा कळलं. एक मिनिट श्वासाचं, दहा मिनिटं हातांची, एक तास शरीराच्या उबेचा. एल्वी व्हायच्या आधी तीन वसंत तिनं क्लबातल्या नव्या लोकांना हे शिकवलं होतं. थंड पाण्यात पडलात की पहिलं मिनिट फक्त श्वास सांभाळा, दुसरं काही करू नका. मग दहा मिनिटं तुमचे हात तुमचं ऐकतील, त्यात काय ते उरकून घ्या. गारठून शुद्ध जायला तासभर लागतो, पण बहुतेक लोक तिथवर पोचतच नाहीत. ते आधीच्या दोनांत संपतात. हवा किती उबदार आहे ते बघून कपडे घालू नका, पाणी किती थंड आहे ते बघून घाला. नवे लोक मान डोलावत. हल्ली ती हेच एल्वीला थोपटताना म्हणायची, कारण थकलेल्या डोक्यात दुसरं कुठलंच गाणं टिकत नव्हतं, आणि एल्वीला त्याची लय आवडायची. हेइनीची नोकरीही तसलीच, औषधांच्या खोक्यातली घडीची पत्रकं लिहायची. काय करू नये, काय झालं तर डॉक्टरकडे जावं. सोमवारपासून ती पुन्हा ते काम सुरू करणार होती. आणि सोमवारपासून आठवड्याचे तीन दिवस एल्वी आईकडे राहणार होती, आणि जूनमध्ये पंधरा दिवस आईच्या तळ्याकाठच्या लाकडी घरी. "पोरीला नावेत घालून फिरवीन," आई म्हणाली होती. "पाण्याची सवय लहानपणीच लागते."   त्या दिवसापासून आठवडाभर हेइनी एक वाक्य तोंडात घोळवत होती, गिळत होती, आणि ते पुन्हा वर येत होतं: आई, मी एल्वीला तुझ्याकडे ठेवणार नाही.

आवारात अजून निम्म्या नावा जमिनीवरच होत्या, लाकडी घोड्यांवर पालथ्या पोटांनी. एका नावेच्या पोटाखालून दोन पाय बाहेर आले होते. खरवडल्याचा आवाज येत होता.

"ताउनो," हेइनी म्हणाली. "आई गेलीय का इथून?"

पाय थांबले. मग ताउनो सगळाच बाहेर आला, भुवयांवर जुन्या रंगाची निळी पूड घेऊन. हिल्काचा तीस वर्षांपासूनचा क्लबसोबती, दोन्ही गुडघे नवे बसवलेला. "गेली की. दहा वाजता. मी म्हटलं, हिल्का, बाह्या घरी विसरलीस. तर म्हणते, तुझ्यासारख्या म्हाताऱ्यांना बाह्या लागतात." त्यानं बाबागाडीत डोकावून बघितलं. "ही कोण? मागच्या वेळी तर पोटात होती."

"पाणी किती अंश आहे?"

ताउनोनं धक्क्याच्या खांबाला बांधलेली सुतळी ओढली. सुतळीच्या टोकाला थर्मामीटर होतं. त्यानं ते डोळ्यांपासून लांब धरलं, मग जवळ, मग हेइनीकडे दिलं. सहा.

"कालच्यापेक्षा अर्ध्या अंशानं वाढलंय," तो समजूत घातल्यासारखा म्हणाला. "अगं, ती आख्खा हिवाळा बर्फातल्या भोकात डुंबणारी बाई. तिला काय होतंय? लोक एकमेकांना विचारतात, हिवाळी लोकर उतरवलीस का, म्हणजे यंदाची पहिली बुडी मारलीस का. तुझ्या आईला कुणी विचारतच नाही. तिच्या अंगाला लोकर धरायला वेळच कुठं मिळतो?"

हेइनी धक्क्याच्या फळ्यांवर बसली. बाबागाडीचा ब्रेक लावला, तपासला, पुन्हा लावला. एल्वी उन्हात झोपी गेली होती. आता बसून राहायचं. आई ह्याच धक्क्याला येणार, नाव इथेच ठेवते. कुलोसारी बेटाला वळसा घालायला तिला दीड तास लागतो. हेइनीनं दवाखान्याला फोन करून वेळ पुढे ढकलली, आणि मग करण्यासारखं काही उरलं नाही, आणि ते काही न उरणंच जड झालं. उन्हानं पाठ तापत होती. फळ्यांच्या फटींतून येणारा गारवा मांड्यांना लागत होता. वर मे महिना, खाली फेब्रुवारी, आणि मध्ये अंगठ्याएवढी फळी. ताउनोचं म्हणणं सगळ्यांचंच म्हणणं होतं, आणि हेइनीला त्याचं उत्तर इतक्यांदा देऊन झालं होतं की आता तोंड उघडायचंही जिवावर यायचं. बर्फातल्या भोकाला शिडी असते. शिडीला कठडा असतो. आत तीस सेकंद, फार तर मिनिट, आणि वीस पावलांवर सौना, वाफेची खोली, तापलेला असतो. तिथे माणूस श्वासाचं मिनिट शिकतं, खरंच शिकतं, छान शिकतं. पण दुसरी गोष्ट, हातांची, तिथे कुणी शिकतच नाही, कारण तिथवर कुणी थांबत नाही. आणि मग ह्यांना वाटतं आपण थंडीला ओळखतो. फेब्रुवारीत सत्तराव्या वाढदिवसाला हेइनीनं आईला कोरडा पोशाख दिला होता, गळ्याला आणि मनगटांना घट्ट रबर असलेला, आतले लोकरी कपडे कोरडे ठेवणारा. हिल्कानं तो पाहुण्यांसमोर अंगावर धरून दाखवला होता. "बघा, माझ्या मुलीनं मला सॉसेज करायचं ठरवलंय." सगळे हसले होते. "एकशे बारा वेळा गेले मी यंदा पाण्यात. एकशे बारा. आणि ही मला थंडी शिकवते." पोशाख अजून तिच्या माळ्यावर होता, खोक्यात, वर रिबीन.

नाही तरी हिल्काच्या घरात थंडीबद्दल आधीच एक गोष्ट होती. दर वर्षी जूनमधल्या सणाला, नव्या बटाट्यांवर शेपू पेरता पेरता, ती सांगितली जायची. हेइनी नऊ वर्षांची, तळ्यावरचा बर्फ जाऊन दहा दिवस झालेले, मायलेकी जाळं ओढायला होडीत. जाळं अडकलं, दोघी एकाच बाजूला वाकल्या, होडी उलटली. "आणि मी काय केलं," हिल्का म्हणायची, आणि इथे तिचा उजवा हात हवेत जायचा, मूठ वळायची, "वेणी धरली! पाईक मासा धरावा तशी! वेणीनं ओढत आणली काठाला. आणि पोरगी रडली नाही हो. एक टिपूस नाही." टेबलाभोवतीची माणसं हेइनीकडे कौतुकानं बघायची आणि ती बटाटा सोलायची. ती रडली नव्हती हे खरं होतं. रडायला श्वास लागतो. छातीवर कुणीतरी दार लोटून घेतलं होतं आणि त्या दारातून हवा फक्त आत जात होती, तीही तुकड्यातुकड्यांनी, उचकीसारखी, आणि त्यातल्या एका तुकड्याबरोबर पाणी. डोक्याच्या कातडीला ओढ बसली होती. ती ओढ एवढंच जगात उरलं होतं. मान मागे, आभाळ पांढरं, वेणीच्या मुळाशी आग, आणि ती आग थांबू नये असं तिला वाटत होतं. पुढे कितीतरी वर्षं केस विंचरताना गुंता ओढला गेला की तिला एकदम निर्धास्त वाटायचं. नवऱ्याला एकदा सांगायला गेली, तर त्याला ते विचित्र वाटलं. आईनं धरलं होतं. त्या धरण्यावर हेइनीचं सगळं उभं होतं. म्हणून तर आईला खोटं पाडताना तिची जीभ जड व्हायची. ज्या हातानं तुम्हाला बाहेर काढलं त्या हाताला तुम्ही कसं सांगणार, की तुझा भरवसा नाही?

तिला डुलकी लागली असावी. जागी झाली ती पाण्यावर वल्हं टेकल्याच्या आवाजानं. साडेअकरा उलटून गेले होते.

"वा!" हिल्का म्हणाली. हिरवी कयाक धक्क्यापासून हातभर अंतरावर होती. रुमालाखालचा चेहरा लाल, टवटवीत. "स्वागताला आलात दोघी? झोपलीय ती? उठव की, आजीला बघू दे."

"आई, लाइफ जॅकेट."

"आहे की मागे. नियम काय म्हणतो? नावेत असावं. अंगावर असावं असं कुठं लिहिलंय?"

"पाणी सहा अंश आहे."

"मग? जानेवारीत शून्य होतं."

"मेट्रोतून बघितलं मी तुला. पुलाखाली, मधोमध. दोन्ही काठ किती लांब होते माहितेय? बाहेरचे कपडे सुती, पोशाख माळ्यावर, फोन फुलदाणीमागे." आवाज चढतोय हे हेइनीला ऐकू येत होतं, आणि त्यात कसलाच जोर नाही हेही. थकलेला माणूस भांडतो तेव्हा तो शब्दांना धक्का मारतो, बंद पडलेल्या गाडीला मारावा तसा. "सोमवारपासून एल्वी तुझ्याकडे आहे."

"त्याचा इथे काय संबंध?"

"जूनमध्ये तू तिला नावेत नेणार म्हणालीस."

 ताउनोचं खरवडणं थांबलं होतं.

"मी नाही ठेवणार तिला तुझ्याकडे," हेइनी म्हणाली. आठवडाभर घोळवलेलं वाक्य बाहेर आलं तेव्हा ते अगदीच लहान निघालं. "पाण्यात पडलीस तर नावेत परत चढता येतं का तुला, एवढं तरी बघितलंयस का कधी? शिडी नसताना?"

"मला?" हिल्का म्हणाली. तिच्या मानेवरची शीर हलली. ती आता हेइनीशी बोलत नव्हती, ताउनोशीही नाही. "मला विचारतेस? बघ मग."

आणि ती एका अंगावर कलली. खाली पडलेला चमचा उचलायला कुणी खुर्चीवरून कलावं, इतक्या सहज. कयाक उलटली, पांढरा रुमाल पाण्याखाली गेला.

हेइनीनं तिला अडवलं नाही. अडवण्याइतका वेळ नव्हता असं पुढे कुणीही म्हणालं असतं. पण त्या कलण्याच्या अर्ध्या क्षणात तिच्या मनात "होऊन जाऊ दे" हे शब्द आले होते, स्पष्ट, शांत, आणि ते तिचेच होते. तिनं फोनवरचं घड्याळ बघितलं. अकरा बेचाळीस.

हिल्का वर आली. एकदाच "हूं" म्हणाली, आणि मग तिचा श्वास लागला, लांब, सरळ, शिकवलेल्या श्वासासारखा. हेइनीनं तीन वर्षांत इतका सुंदर श्वास कुणाचा बघितला नव्हता. "बघितलंस?" हिल्का म्हणाली. केसांतून पाणी गळत होतं आणि ती हसत होती. "कुठे गेलं तुझं ते मिनिट?" ताउनो धक्क्यावर येऊन उभा राहिला होता, त्यानं खरंच टाळ्या वाजवल्या. हेइनीला लाज वाटली. कदाचित आपलंच चुकतंय, तिला वाटलं, कदाचित माणसं वेगवेगळी असतात, आणि आपण खोक्यातल्या पत्रकासारख्या, सगळ्यांना एकच सांगत सुटलोय.

"आता शिडीनं ये वर. पुरे," ती म्हणाली.

"शिडी नसताना म्हणालीस ना?"

हिल्कानं कयाक सुलटी केली. आत पाणी भरलं होतं, नाव अर्धी बुडून गोल फिरत होती. तिनं पाय झाडले, छाती नावेच्या पाठीवर टाकली, जवळजवळ चढली, आणि घसरली. अकरा चव्वेचाळीस. पुन्हा. ह्या वेळी छाती वर आली नाही, हनुवटीच आली. "जॅकेट घालते आधी," ती म्हणाली, तरंगायला सोपं जाईल हे तिचं तिलाच सुचलं होतं, आणि तिनं रबरी दोरीखालून ते ओढायला घेतलं. जॅकेटची प्लास्टिकची कडी दोरीत अडकली होती. अंगठ्यानं दाबलं की सुटते. अंगठा दाबला जाईना. हिल्कानं अंगठ्याकडे बघितलं. दुसऱ्या कुणाच्या घरातली वस्तू चुकून आपल्या पिशवीत आलेली दिसावी तसं बघितलं. मग दात लावले. मग सोडून दिलं. वारा जमिनीकडून पाण्याकडे होता, कुणाच्या लक्षातही न येण्याइतका, आणि आता धक्का आणि तिच्यामध्ये चार हात पाणी होतं. मग सहा.

"आई, नाव सोड. इकडे पोहत ये."

"येते."

ती येत नव्हती. पाय हलत होते, पण पाण्यात नव्हे, मधात हलावेत तसे. अकरा सत्तेचाळीस. ताउनोनं दोरी फेकली, नेमकी तिच्या खांद्यावर. "धर, हिल्का!"

"धरलीय," हिल्का म्हणाली.

त्यानं ओढली. दोरी तिच्या हातांतून निघून सळसळत धक्क्यावर परत आली. हिल्का अजून दोन्ही हात पुढे धरून होती, मुठी अर्धवट वळलेल्या, आणि तिच्या चेहऱ्यावर ओढलं जाण्याची वाट बघणाऱ्या माणसाचा भाव होता. "धरलीय मी," ती पुन्हा म्हणाली. "ओढा की."

मागे एल्वी उठली होती आणि रडत होती. हेइनीनं मान वळवली नाही. ब्रेक लावलाय, तिनं स्वतःला सांगितलं, दोनदा तपासलाय. तिचे हात आपलं आपलं काम करत होते. दोरीच्या टोकाला मोठा फास, न आवळणारा. "ताउनो, परत टाक. आई, ऐक माझं. धरू नकोस. बोटांनी काही करू नकोस. ह्या फासात हात घाल, कोपरापर्यंत. आता दुसरा. कोपर दुमड. बस्स. दुमडूनच ठेव." हिल्कानं ऐकलं. हे किती नवं होतं ते त्या वेळी हेइनीच्या लक्षातही आलं नाही. दोघांनी ओढलं. शिडीपाशी हिल्काचे पाय पायरीवर लागले, पण कठड्यावर ठेवलेले हात नुसते ठेवलेलेच राहिले. हेइनी फळ्यांवर पालथी पडली, आईच्या काखांत हात घातले आणि तिला वर घेतलं, भिजलेल्या सुती कपड्यांसकट, वयासकट. छातीखाली फळीची कड रुतली. दुधानं भरलेल्या छातीतून एक कळ डोक्यापर्यंत गेली.

अकरा एक्कावन. नऊ मिनिटं. हात पाचव्यालाच गेले होते.

ताउनोच्या शेडमध्ये रंगाचा आणि टर्पेन्टाइनचा वास होता. त्यानं बाक मोकळा करून दिला, स्वतःचं जाड जॅकेट, एक घोंगडी, ताडपत्रीखालून काढलेली शिडाची जुनी पिशवी. आतल्या कप्प्यातून एक बाटलीही काढली. "नको," हेइनी म्हणाली, "आणि हात चोळूही नकोस तिचे. थर्मासमध्ये कॉफी असेल तर साखर घालून दे." तो बाहेर जाताना म्हणाला, "मी टाळ्या वाजवल्या गं," आणि उत्तराची वाट न बघता कयाक आणायला गेला. हेइनीनं आईचे ओले कपडे उतरवले. आईला असं तिनं सौनामध्ये शेकडो वेळा बघितलं होतं, पण तिथे आई वाफेत बसलेली राणी असायची. इथे ती पांढरी, निळसर, थरथरणारी, लहान. एल्वीला झोळीत बांधून छातीशी घेतलं होतं, आणि एल्वीच्या डोक्यावरून हात नेऊन हेइनी आईला जॅकेटची बटणं लावत होती, खालून वर, एकेक. हिल्का बटणांकडे बघत होती. दात वाजत होते, शब्द तुकड्यांनी येत होते.

"मी धरली नव्हती," ती म्हणाली.

"दोरी? असू दे आता."

"वेणी."

हेइनीची बोटं तिसऱ्या बटणावर थांबली.

"तुझी वेणी माझ्या मनगटाला गुंडाळली गेली होती. पडताना, की नंतर, मला माहीत नाही. बोटं तर केव्हाच गेली होती. आत्ता गेली तशीच. मी काठाला आले आणि मागे बघितलं तर तू होतीस." ती थांबली, दात आवळून पाहिले, आवळेनात. "मी मागे बघितलं, हेइनी. म्हणजे तोवर मला ठाऊक नव्हतं तू आहेस की नाहीस. मी तुला धरलं नव्हतं. तू अडकली होतीस."

बाहेर ताउनो नावेतलं पाणी उपसत होता, डबा फळीवर आपटत होता. हेइनीला वाटलं आता काहीतरी कोसळेल, ज्यावर सगळं उभं होतं ते. तिनं वाट बघितली. काही कोसळलं नाही. बहुधा ते केव्हाच कोसळलं होतं, आणि आई एकटीच इतकी वर्षं त्याला खांदा देऊन उभी होती, दर जूनला हात हवेत नेऊन, मूठ वळून.

"त्याच हिवाळ्यात मी बर्फातल्या भोकात उतरायला लागले," हिल्का म्हणाली. "म्हटलं, परत असं गाफील सापडायचं नाही. दर वेळी मूठ उघडून मिटून बघते पाण्यात. दर वेळी मिटते." तिनं स्वतःच्या हातांकडे बघितलं. "अर्ध्या मिनिटात कुणाचीही मिटत असेल."

"सांगितलं का नाहीस?"

"काय सांगणार होते तुला? जेवताना?"

हेइनीनं तिसरं बटण लावलं, चौथं लावलं. आता सगळं थकलेपण एकदम अंगावर आलं. सकाळपासूनचं, रात्रीचं, नऊ महिन्यांचं. घोंगडी अजून आईच्या पायांवर घालायची होती, कॉफी ओतायची होती, एल्वी झोळीत वळवळत किंचाळत होती, आणि ह्या सगळ्याला दोन हात पुरत नव्हते. विचार न करता, घरातल्या रोजच्या सवयीनं, तिनं झोळीची गाठ सोडली आणि बाळ पुढे केलं. "घे जरा हिला, मिनिटभर."

हिल्काचं सगळं अंग एल्वीकडे झुकलं. खांदे गेले, मान गेली, चेहरा गेला. हात उठले, अर्ध्यावर आले, आणि मग तिनं ते मागे घेतले आणि जॅकेटच्या आत, काखांत कोंबले.

"नको," ती म्हणाली. "आत्ता नको देऊ माझ्याकडे."

एल्वी दोघींच्या मधे लोंबकळत राहिली, आश्चर्यानं गप्प होऊन. हेइनीनं तिला परत छातीशी घेतलं. घोंगडी पायानंच सरकवली. कॉफी तशीच राहिली. ती बाकावर आईच्या शेजारी बसली आणि एल्वीला पाजायला घेतलं, आणि बराच वेळ तिघींपैकी एकीच्या गिळण्याचा आणि एकीच्या दातांचा तेवढा आवाज होता.

"किती वेळ लागतो?" हिल्कानं विचारलं.

"बोटं आधी दुखायला लागतील. खूप दुखतील. मग येतील."

"हं."

दाराच्या फटीतून ऊन फळ्यांवर आलं होतं, रंगाची पूड त्यात तरंगत होती. थरथर हळूहळू मंदावली, मग पुन्हा आली, मग पुन्हा मंदावली. एकदा हिल्का दातांतून "स्स" म्हणाली, आणि थोड्या वेळानं तिनं उजवा हात बाहेर काढला. हेइनीनं लावलेलं गळ्याजवळचं बटण तिनं तर्जनी आणि अंगठ्यात पकडायला बघितलं. बटण निसटलं. पुन्हा बघितलं. निसटलं.  हिल्कानं हात परत काखेत घातला.

"अजून नाही," ती म्हणाली.

हेइनीनं डोकं मागे, शेडच्या भिंतीला टेकवलं. डोळे मिटत होते आणि ह्या वेळी तिनं मिटू दिले.

"सोमवारी आठ वाजता आणते हिला," ती म्हणाली.